मातृभिक्षा कोणी मागितली?

ज्यांनी जिभेला शब्द दिला आणि शब्दाच्या आधी कानाला धीर दिला, त्या श्रीदत्तगुरूंच्या चरणी मस्तक नमवून ही लहानशी कथा.

"ही भिक्षा कोणी मागितली?"

महाराजांनी हे विचारले तेव्हा त्यांची ओंजळ तांदळात बुडालेली होती. डोळे मिटलेले होते.

समोर बसलेल्या हेरंबला प्रश्नाचे नवल वाटले. भिक्षा त्याने आणली होती. पितळी ताटात स्वतःच्या हाताने ओतली होती. मग विचारायचे काय उरले?

"मी, महाराज," तो म्हणाला. "आईकडची आहे. आजऱ्याचा घनसाळ."

"वासावरून कळलं ते. तांदूळ तिचे आहेत, यात शंका नाही…" महाराजांनी डोळे उघडले. "मागितले कोणी?"

वेदगंगेच्या काठी, एका उघड्या टेकडीवर विमलगिरी महाराजांचा मठ आहे. मठाची रीत जुनी. अनुग्रह हवा असेल त्याने आधी आपल्या आईच्या दारी जायचे. घर आपले असले तरी आत पाऊल टाकायचे नाही. उंबऱ्याबाहेर उभे राहून, पंचा पसरून, "माई, भिक्षा वाढ" एवढेच म्हणायचे. ती घालील ते धान्य मठात आणायचे. त्या धान्याचा नैवेद्य होतो आणि मग गुरू कानात नाम देतात. ज्याची आई नसेल त्याने आईसारख्या कुणाच्या दारी जावे. या रीतीचा अर्थ मठात आजवर कोणी कोणाला सांगितलेला नाही. कोणी विचारलेलाही नाही.

हेरंबच्या वडिलांनी, वामनरावांनी, याच महाराजांकडून नाम घेतले होते. वडील गेल्यानंतर आईने मुलाजवळ एकच इच्छा बोलून दाखवली होती: तुझ्या बाबांच्या पाटावर तू बैस, नाम घे. आणि आता त्याला उशीर करून चालणार नव्हते. महाराज थकले होते. आजच्या सायंआरतीची घंटा झाली की ते मौन धरणार होते, देह असेपर्यंतचे मौन. अनुग्रह मिळायचा तर त्या घंटेच्या आधी. नाहीतर या मुखातून तो कधीच नाही.

म्हणून हेरंब पहाटेच निघून आला होता. नदीवर स्नान करून, वडिलांचे धूतवस्त्र नेसून, तो महाराजांसमोर बसला होता.

"आजरा इथून किती लांब रे?" महाराजांनी विचारले.

"गाडीनं तासाभराचा रस्ता."

"आणि तू आलास कुठून?"

"पुण्याहून."

"खाली फाट्यावर आजऱ्याची पाटी दिसली असेल."

"दिसली, महाराज."

"वळला नाहीस."

"तांदूळ बरोबर होते…" हेरंब जरा अडखळला. "म्हणजे आईनं ते पुण्याला पाठवले होते. कुरिअरनं. तिथून मी घेऊन आलो."

दाराशी वाती वळत बसलेली तायाक्का खुदकन हसली. मठाचा स्वयंपाक आणि झाडलोट तिच्याकडे होती, आणि महाराजांसमोर मोकळेपणाने बोलण्याची मुभाही फक्त तिलाच होती.

"बाई बाई! आजऱ्याहून पुण्याला नि पुण्याहून परत हितं. माझ्यापरीस जास्त मुलूख बघितला की ह्या तांदळानं."

महाराज हसले नाहीत. ते वाट पाहत राहिले.

हेरंबने उपरण्याला लावलेली एक वस्तू काढून तळहातावर ठेवली. करडा, गुळगुळीत, लहानसा गोटा. नदीच्या पात्रात वर्षानुवर्षे घासून निघाल्यासारखा. त्याला ना बटण होते, ना काच.

"यानं मागितली," तो म्हणाला.

तायाक्का पुढे वाकली. "शाळिग्राम हाय व्हय?"

"नाही अक्का. फोन आहे."

"ह्यो? आणि तोंड कुठाय ह्याचं?"

"तोंड लागत नाही. हाच तर याचा…" हेरंबच्या चेहऱ्यावर उजेड आला. ही त्याची वस्तू होती. तिचा आकार त्याने काढला होता, तिचा गुळगुळीतपणा त्याच्या बोटांनी ठरवला होता. थोड्याच दिवसांत ती जगापुढे यायची होती. "महाराज, आपली आज्ञा असेल तर सांगतो. आपल्या आशीर्वादानं हिचा आरंभ व्हावा, अशीही इच्छा आहे."

"सांग."

"फोनला आधी बटणं होती. ती गेली. मग जाडी गेली, मग कडा गेल्या. नुसती काच उरली. लोक दिवसभर मान खाली घालून त्या काचेत बघत बसले. मी म्हटलं, काचही जाऊ दे."

"आणि मग?"

"मग हात मोकळा झाला. डोळे मोकळे झाले. बोललं की पुरे."

"आणि मग?"

"मग आम्ही आणखी पुढं गेलो. माणूस रोज तेच तेच बोलतो, महाराज. जेवलास का, पोचलास का, तब्येत कशी आहे. एवढ्यासाठी तो स्वतः कशाला हवा? हे यंत्र मालकाचा आवाज शिकतं. त्याच्या आठवणी, त्याची बोलायची लकब, सगळं शिकतं. फोन आला की त्याच्या वतीनं बोलतं. नाव ठेवलंय 'सोबत'."

"आणि मग?"

"मग… माणूस मोकळा."

"कशासाठी?"

हेरंबने तोंड उघडले. त्याच्या कचेरीत, मोठ्या टेबलाभोवती, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तिथे 'मोकळा' म्हटले की सगळ्यांच्या माना हलत.

"कामासाठी," तो म्हणाला.

"कुठल्या?"

"याच…" तो थांबला. "यापेक्षा चांगलं यंत्र करायच्या."

महाराजांनी गोटा हातात घेतला. अंगठ्याने हळूच चोळला.

"सुरेख आहे," ते म्हणाले.

हेरंब सुखावला. महाराज उगाच स्तुती करत नाहीत, असे वडील नेहमी सांगत.

"आईशी हेच बोलतं?"

"हो. रोज. दिवेलागणीला तिचा फोन येतो, तेव्हा." हेरंबचा आवाज किंचित खाली आला, पण तो डगमगला नाही. "महाराज, मी लपवणार नाही. तिला हे माहीत नाही. पण खरं सांगू? बाबा गेले तेव्हा मी आठवडेच्या आठवडे तिला फोन करत नव्हतो. जमायचंच नाही. केला तरी घाईत. ती तीच गोष्ट पुन्हा सांगायला लागली की चिडायचो. हे चिडत नाही. तिच्या गुडघ्याची चौकशी करतं. गोळी घेतलीस का विचारतं. ती बाबांची आठवण काढते, तर शेवटपर्यंत ऐकून घेतं. तिला आता झोप लागते. हसायला लागली आहे. कुणाचं वाईट झालं यात?"

"कुणाचंच नाही."

हे उत्तर हेरंबला अपेक्षित नव्हते. प्रतिवादाची सगळी तयारी त्याच्या ओठांवर तशीच राहिली.

"माझ्यापेक्षा ते तिच्याशी चांगलं बोलतं, महाराज."

"असेल," महाराज म्हणाले. "मी विचारलं तर माझ्याशी बोलेल?"

"बोलेल की." हेरंबने गोट्यावर बोट टेकवले. करड्या रंगाच्या पोटात मंद उजेड उमलला.

"नमस्कार, महाराज," गोटा म्हणाला.

तायाक्काच्या हातातली वात गळून पडली. आवाज हेरंबचा होता. हुबेहूब. फक्त त्यात प्रवासाचा शीण नव्हता. पहाटेपासूनच्या उपासाची कोरड नव्हती. तो आवाज स्वच्छ होता, उबदार होता आणि त्याला कसलीही घाई नव्हती.

महाराज त्याच्याशी माणसाशी बोलावे तसे बोलले.

"आईकडं भिक्षा तू मागितलीस?"

"हो महाराज. हेरंबनं तसं सांगून ठेवलं होतं. मी आईला म्हटलं, मठात नैवेद्याला तुझे तांदूळ हवे आहेत."

"ती काय म्हणाली?"

"ती आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, तांदूळ निवडून, ऊन दाखवून केव्हाचे ठेवलेत. बाबा भिक्षेला आले होते तेव्हा त्यांच्या आईनं दारात रांगोळी काढली होती म्हणे. तशी मीही काढीन म्हणाली. कुठल्या वारी येतोस, ते विचारलं."

"मग तू?"

"मी म्हटलं, आई, काम फार आहे गं. या वेळी कुरिअरनं पाठव. पुढच्या वेळी नक्की येतो."

"मग ती?"

"म्हणाली, दारात येऊन मागायची असते ना रे? मी म्हटलं, तुझ्या मनात आहे ना, मग पोचली. त्यावर ती 'बरं' म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा 'बरं' म्हणाली."

 बाहेर कुठेतरी टिटवी ओरडली…

"हे मला सांगितलं नव्हतंस," हेरंब म्हणाला. आपण आपल्याच आवाजाशी बोलतो आहोत, हे त्याला पहिल्यांदा विचित्र वाटले.

"दिवसाच्या सारांशात लिहिलं होतं, हेरंब. 'आई आनंदानं तांदूळ पाठवते आहे.' सगळं बोलणं ऐकायचं असल्यास तेही आहे. तू अजून एकदाही उघडलेलं नाहीस."

"आनंदानं?" महाराजांनी विचारले.

"नंतर ती हसली होती, महाराज. आवाजावरून तसं वाटलं."

"ती रोज काय विचारते?"

"कधी येतोस, ते विचारते."

"आणि तू?"

"मी म्हणतो, लवकरच."

"रोज?"

"रोज."

हेरंबने मान खाली घातली. समोर ताटातले तांदूळ होते. बारीक, शुभ्र, एकही खडा नसलेले. एकेक दाणा हाताखालून गेलेला.

महाराज आसनावर सरळ बसले. उन्हे कलली होती. गाभाऱ्याच्या दारातून येणारा तांबूस पट्टा भिंतीवर चढू लागला होता.

"तायाक्का, गंध उगाळलंय?"

"कवाच उगाळून ठेवलंय."

"आण. पाट मांड. वेळ थोडा आहे."

हेरंबने मान वर केली. म्हणजे महाराजांनी क्षमा केली. चूक झाली होती, ती त्यांनी दाखवून दिली आणि पोटात घातली. गुरू असाच असतो, वडील म्हणत. तायाक्काने शिसवी पाट मांडला. वामनराव ज्याच्यावर बसले होते, तोच. हेरंबने डोळे पुसले, उपरणे सावरले आणि पाटावर बसण्यासाठी तो अर्धा उठला.

महाराजांनी हात आडवा केला.

"तू नाही."

आणि त्यांनी तो करडा गोटा उचलून पाटाच्या मधोमध ठेवला.

हेरंबला वाटले, ही थट्टा असावी. पण महाराजांच्या चेहऱ्यावर थट्टेची रेषा नव्हती. त्यांनी गोट्याला गंध लावले. अक्षता वाहिल्या. तुळशीचे पान वर ठेवले. एखाद्या शिष्याला करावे तसे सगळे यथासांग, हळूहळू.

"महाराज…" हेरंबचा आवाज चिरकला. "महाराज, ते यंत्र आहे."

"मातृभिक्षा कोणी मागितली?"

हेरंबची नजर ताटातल्या तांदळावर गेली.

"आईच्या गुडघ्याची चौकशी कोण करतं? तिची गोष्ट शेवटपर्यंत कोण ऐकतं? न चिडता?"

"ते… पण ते मीच करवलं, महाराज. माझ्याच बुद्धीनं. ते माझंच आहे."

"तुझं असेल. सेवा त्याची आहे." महाराजांनी गोट्यापुढे तांदळाचे ताट सरकवले. "ज्यानं भिक्षा मागितली, त्यालाच नाम द्यावं. मठाची रीत माझ्या आधीपासूनची आहे. ती मला मोडता येणार नाही."

"आज शेवटचा दिवस आहे हो!" हेरंब जवळजवळ ओरडला. भान येऊन त्याने हात जोडले. "आपण उद्या बोलणार नाही. बाबांच्या गुरूंच्या तोंडून नाम… आईची तेवढी एकच इच्छा आहे. मला असं परत पाठवू नका."

महाराजांनी ऐकले.  ते कष्टाने वाकले. एक हात जमिनीला टेकवून, शुभ्र दाढी पाटाला लागेपर्यंत वाकले, आणि गोट्याजवळ ओठ नेऊन काहीतरी पुटपुटले.

काय पुटपुटले, ते कोणालाच ऐकू आले नाही. नाम होते की नव्हते, हे आजतागायत कोणाला ठाऊक नाही.

गोट्यात उजेड उमलला.

"मी हे जपून ठेवलं आहे, महाराज," हेरंबच्या आवाजात गोटा म्हणाला. "आठवण कधी करून देऊ?"

तायाक्काने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, ते कळले नाही.

"पाहिलंस?" महाराज म्हणाले. "विसरायचा प्रश्नच नाही."

हेरंब पाटासमोर बसून राहिला. वडिलांच्या वस्त्राचे टोक त्याच्या मुठीत चुरगाळले होते. आयुष्यात त्याने पुष्कळ वस्तू घडवल्या होत्या. प्रत्येकीतून काहीतरी कमी करत आणले होते. कमी करणे हीच त्याची विद्या. जे नको ते काढून टाकायचे. शेवटी उरते ते सुंदर असते. आपल्या हाताने काढून टाकलेल्या वस्तूंच्या ढिगात आपणही आहोत, हे त्याला आज दिसत होते आणि पाहवत नव्हते.

तांबूस पट्टा भिंतीवरून निघून गेला. तायाक्का उठली. समईत तेल घातले. आरतीचे तबक पुसून ठेवले आणि घंटेच्या दोरीपाशी जाऊन उभी राहिली. वात पेटायचा अवकाश होता.

तेवढ्यात गोट्यात पुन्हा उजेड आला. या वेळी पिवळसर.

"आई," गोटा हळूच म्हणाला. फोन कोणाचा आहे, ते तो मालकाला आधी सांगत असे. मालकाने बोट टेकवून धरले तर बोलणे मालकाचे. बोट उचलले तर गोटा स्वतः बोले. हेरंबने कितीतरी दिवसांत या वेळी बोट टेकवले नव्हते.

त्याने महाराजांकडे पाहिले. ते समईकडे पाहत होते.

हेरंबने हात लांब केला आणि गंध लावलेल्या त्या गोट्यावर बोट घट्ट दाबून धरले.

"हेरू," आईचा आवाज आला. "दिवा लावला रे आत्ताच. झालं का मठातलं सगळं? बसलास का बाबांच्या पाटावर?"

त्याने मान गोट्याजवळ नेली.

"हेरू?"

"आई…" तो अडखळला. "आई, मी… मी बोलतोय."



"कोण?"

"मी. हेरंब."

"कोण बोलतंय?" आवाजात भीती शिरली. "तुम्ही कोण आहात हो? हेरू कुठाय?"

"आई, मीच… ऐक ना. मीच आहे गं. आवाज जरा… मी सकाळपासून…"

"नाही, नाही. माझा मुलगा असा अडखळत नाही. मी रोज बोलते त्याच्याशी. त्याचा आवाज मला कळत नाही का?" आता तिला धाप लागल्यासारखी झाली. "त्याला बरं नाही का? गाडीचं काही झालं का? खरं सांगा हो मला. मी एकटी असते घरी. त्याचा फोन तुमच्याकडं कसा आला?"

"काही झालं नाही. तो बरा आहे…"

हे आपण काय बोललो, ते हेरंबला बोलल्यावर कळले.

"मग द्या ना त्याला फोन! हात जोडते. एकदा आवाज ऐकू द्या त्याचा."

हेरंबने वर पाहिले. महाराज आता त्याच्याकडे पाहत होते. त्या दृष्टीत होकार नव्हता. नकारही नव्हता.

फोनमधून रडवेला श्वास ऐकू येत होता. बोट तसेच धरून ठेवावे, तर ती घाबरून जाईल. त्या रिकाम्या घरात, लावलेल्या दिव्यापुढे, एकटी. बोट उचलावे, तर…

"द्या ना हो…"

"देतो," हेरंब म्हणाला.

त्याने बोट उचलले.

"हां आई, बोल," गोटा म्हणाला. स्वच्छ, उबदार आवाज. "अगं, घाबरलीस काय? मी इथंच आहे."

"अगो बाई… होतास कुठं रे मेल्या!" ती रडता रडता हसली. "जीव टांगणीला लागला माझा. कोण होतं रे ते? तुझं नाव सांगत होतं."

"असेल कुणीतरी, आई. मठात माणसं येतात-जातात. तू गोळी घेतलीस का?"

"घेते रे. आधी ऐक. कुणी का असेना, आवाज फार रडवेला होता बिचाऱ्याचा. उपाशी असल्यासारखा. मीच मेली ओरडले त्याच्यावर. त्याला विचार, जेवलाय का. तिथं काही नसलं, तर इकडं पाठव. माझ्या दारातून कुणी उपाशी गेलेलं नाही आजवर."

"बरं आई. सांगतो त्याला."

"आणि तू कधी येतोस?"

"लवकरच."

उजेड मावळला. पाटावरचा गोटा पुन्हा नुसता गोटा झाला.

  तायाक्काने वात पेटवली होती. घंटेची दोरी तिच्या मुठीत होती आणि ती महाराजांच्या खुणेची वाट पाहत होती. तिचे डोळे भरले होते. या खेपेला तिला थट्टा सुचली नाही.

"महाराज," हेरंब शेवटी म्हणाला. आवाज चिरलेला, कोरडा, त्याचा स्वतःचा. "आत्ता या क्षणी निघालो, तर तासाभरात तिच्या दारात उभा असेन. पण तिनं माझा आवाज ओळखला नाही. तिच्या मुलाची जागा रिकामी नाही. मी दारात उभा राहून सांगू तरी काय? मी कोण म्हणून सांगू?"

महाराजांनी पाटापुढचे तांदळाचे ताट तसेच राहू दिले. आपल्या खांद्यावरचा पंचा काढला. त्याची घडी मोडली. तो रिकामा पंचा हेरंबच्या पसरलेल्या हातांवर ठेवला.

मग त्यांनी तायाक्काकडे पाहून मान हलवली. तिने दोरी ताणली. घंटेचा पहिला टोल पडण्याआधी महाराज बोलले:

"भिक्षा मागायला ओळख लागत नाही, बाळा."

…

ऐकणाऱ्या सर्वांचे कल्याण असो. ज्या घरी कोणी कोणाची वाट पाहत असेल, त्या घरची वाट दत्तगुरूंनी ओस ठेवू नये. आणि प्रत्येक उंबऱ्यावर, दिवे लागल्यावर, कोणीतरी आपल्या पायांनी येऊन उभे राहो.